बंदी एकाच बाजूने आहे, टॅग कुठला लावू? शिवाय एक राउटर ऐकतो, दुसरा ऐकत नाही

चाकोरी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, इथे टॅग (नकाशातल्या रस्त्याला जोडलेली ‘किल्ली=मूल्य’ अशी नोंद) देवनागरीत लिहिलेत. नकाशात ते रोमन लिपीतच आहेत, त्यावरून कुणी चेष्टा करू नका.

माझा दादा ट्रक चालवतो आणि त्याच्या फोनमधलं नेव्हिगेशन ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही सुधारता येणाऱ्या खुल्या नकाशाच्या डेटावर चालतं. मध्यंतरी मी फलक बघत हिंडून बरेच रस्ते सुधारले. त्यातला एक तीव्र उताराचा, जेमतेम अडीच किलोमीटरचा. त्याच्या वरच्या टोकाला लाल कडेचा गोल फलक आहे, आत ट्रकचं चित्र. मी घाईत वनवे=येस (एकेरी रस्ता) लावलं आणि पुढच्या रस्त्याकडे वळले. चार दिवसांनी दादाचा फोन आला. "तुझ्या नकाशाने मला अकरा किलोमीटर जास्त फिरवलं. खालून वर जायला तिथे कुणी अडवत नाही."

जाऊन पाहिलं तर खालच्या टोकाला खरंच काही नाही. लांब उतारावर ब्रेक तापतात, म्हणून ट्रकना उतरायला बंदी, चढायला नाही. मोटारींना तर कुठूनच नाही. त्याहून लाजिरवाणी गोष्ट पुढे आहे. तो वे (नकाशातली रस्त्याची रेघ) कुणीतरी वरून खाली रेखाटला होता. म्हणजे माझ्या वनवे=येसमुळे उतरायला सगळ्यांना मोकळीक आणि चढायला सगळ्यांना बंदी झाली. फलकाच्या नेमकं उलट. तो टॅग लगेच काढला, पण त्याच्या जागी काय लावायचं ते ठरेना. तर माझ्याकडे तीन जागा आहेत.

क) हा उतार.

ख) दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारी तीनशे मीटरची गल्ली. उत्तरेच्या टोकाला लाल गोलात पांढरी आडवी पट्टी, म्हणजे प्रवेश बंद. दक्षिणेच्या टोकाला फलक नाही. आत कुठे वन-वेचा बाणही नाही. वे उत्तरेकडून दक्षिणेकडे काढलेला आहे, म्हणून मी संपूर्ण गल्लीला मोटर_व्हेइकल:फॉरवर्ड=नो (रेघेच्या दिशेने मोटारवाहनांना बंदी) लावलं. ओपनस्ट्रीटमॅपच्या पानावर मार्ग काढून बघितला. ग्राफहॉपर हा राउटर (मार्ग काढणारी प्रणाली) मोटारीला वळसा घालून नेतो. ओएसआरएम हा दुसरा राउटर मात्र उत्तरेकडून सरळ आत घुसवतो. तीच गल्ली, तोच टॅग. बदल करून दहा दिवस झालेत, त्यामुळे डेटा शिळा असेल असं वाटत नाही.

ग) तिसऱ्या रस्त्यावर मोटारबंदीच्या फलकाखाली छोटी पाटी आहे: सोमवार ते शुक्रवार, सकाळी ७ ते ९. हीसुद्धा एकाच टोकाला.

तिन्ही जागी वनवे नकोच, एवढं मला कळलंय. पुढचं सांगा.


तिठा

वनवे नको हे तिन्ही ठिकाणी खरं नाही, पण ते नंतर.

आधी दिशा. फॉरवर्ड म्हणजे वे मध्ये नोड (रेघेवरचे बिंदू) ज्या क्रमाने ओवलेत ती दिशा. बॅकवर्ड म्हणजे त्याच्या उलट. चढ-उतार, उत्तर-दक्षिण, मोठ्या रस्त्याकडे की आत, याच्याशी काही संबंध नाही. रेघ कुणी कुठून ओढायला सुरुवात केली, एवढाच तो योगायोग. त्यामुळे टॅग लावण्याआधी संपादकात (नकाशा बदलायच्या साधनात) रेघेवरचा बाण बघायचा. तुमचा घोटाळा तिथेच झाला, आणि तो आमच्यातल्या प्रत्येकाने एकदा तरी केलाय.

(क) ला एचजीव्ही:फॉरवर्ड=नो लावा. वे वरून खाली काढलेला आहे, उतरायला बंदी आहे, म्हणून फॉरवर्ड. बास. मोटार, दुचाकी, सायकल कुणालाही त्याचा त्रास नाही आणि चढणारा ट्रकही मोकळा. किल्लीत आधी वाहनाचा प्रकार येतो, मग दिशा, आणि अट असली तर कंडिशनल सगळ्यात शेवटी. फॉरवर्ड:एचजीव्ही असं उलटं लिहिलेलं मी पाहिलंय. ते कुठलाही राउटर वाचणार नाही आणि चूक झाली म्हणून ओरडणारही नाही.

एक विचारायचं राहिलं. फलकावर नुसतं ट्रकचं चित्र आहे की टनाचा आकडाही? ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एचजीव्ही म्हणजे साडेतीन टनांपेक्षा जास्त अनुज्ञेय वजनाची मालवाहू गाडी. फलकावर ७.५ वगैरे लिहिलं असेल तर सरसकट नो चुकीचं ठरेल, कारण मग त्यात पाच टनी गाडीही अडकते. आणि आकडा असला तर तो त्या क्षणी भरलेल्या वजनाचा आहे की गाडीच्या कागदावरच्या अनुज्ञेय वजनाचा, तेही बघा. पहिल्याला मॅक्सवेट, दुसऱ्याला मॅक्सवेटरेटिंग. दोघांनाही :फॉरवर्ड जोडता येतं.

(ख) मध्ये तुम्ही अख्खी गल्ली रंगवलीत, ते मला पटत नाही. गल्लीच्या मधोमध एखाद्या घरी राहणाऱ्याचा विचार करा. तो दक्षिणेकडून आत येतो. परत निघताना त्याला दक्षिणेकडेच जायचंय. कायद्याने त्याला कुणी अडवत नाही, कारण प्रवेश बंद फक्त उत्तरेच्या तोंडाशी आहे आणि आतला रस्ता दुहेरी आहे. पण तुमच्या टॅगमुळे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी प्रत्येक मोटार तीनशे मीटरभर बेकायदा झाली. त्याला राउटर उत्तरेकडून बाहेर काढून मोठा फेरा मारायला लावेल. गल्लीचं तोंड फलकापाशी तोडा, पाचसहा मीटरचा तुकडा करा, आणि त्या तुकड्याला वनवे लावा. आता बाण बघा. तुकडाही उत्तर-दक्षिणच असणार आणि तुम्हाला परवानगी द्यायची आहे बाहेर पडायला, म्हणजे दक्षिण-उत्तर. तेव्हा तुकडा उलटा करून वनवे=येस. वनवे=-१ ही चालतं, पण वाचणाऱ्याचं डोकं फिरतं.


जुनी_पाऊलवाट

तिठा यांचं तुकड्याचं म्हणणं मान्य, वनवेचं नाही. जमिनीवर वन-वेचा फलक नाही. जे नाही ते नकाशात का? प्रवेश बंद म्हणजे "इकडून आत येऊ नका". वन-वे म्हणजे "या रस्त्यावर सगळी वाहतूक एकाच दिशेने आहे". आत शिरलेल्या माणसाने समोरून गाडी येईल असं धरून चालायचं की नाही, हा त्यातला फरक. तो राउटरला कळला नाही तरी चालकाला कळतो.

म्हणून त्या पाच मीटरांना व्हेइकल:फॉरवर्ड=नो. आणि ताई, मोटर_व्हेइकल नव्हे, व्हेइकल. पांढऱ्या पट्टीचा लाल गोल हा १९६८ च्या व्हिएन्ना करारातल्या फलकांमध्ये सी,१ आहे आणि त्याचा अर्थ सगळ्याच वाहनांना प्रवेश बंद. सायकल हेही वाहन. खाली "सायकली सोडून" अशी पाटी असेल तरच सायकलला सूट, मग बायसिकल:फॉरवर्ड=येस जोडा. तुमच्या टॅगने सायकलस्वाराला आज बिनदिक्कत उलटं आत सोडलंय. पायी जाणारा व्हेइकलमध्ये येत नाही, त्याची काळजी नको.

रिलेशनचाही (अनेक रेघा-बिंदूंना एकत्र बांधणारी नोंद) एक मार्ग आहे. टाइप=रिस्ट्रिक्शन, त्यात नो_एंट्री. फ्रॉममध्ये चौकाला येऊन मिळणारे सगळे रस्ते, व्हायामध्ये चौकाचा नोड, टूमध्ये गल्ली. कागदावर हे सर्वांत नेमकं आहे, कारण बंदी खरोखर त्या एका बिंदूपाशी आहे. पण एकाहून अधिक फ्रॉम असलेलं रिलेशन प्रत्येक राउटर नीट वाचेलच असं नाही, आणि चौकात उद्या नवा रस्ता आला की फ्रॉममध्ये तो घालायचं कुणाला आठवणार? मी पूर्वी अशी रिलेशनं हौसेने बनवली. आता तुकडा तोडतो.


चाकोरी

दोघांचेही आभार. टनाचा आकडा नाही, नुसतं चित्र आहे. त्यामुळे (क) ला एचजीव्ही:फॉरवर्ड=नो. फलकाखाली एक पाटी होती असं अंधुक आठवतंय, पुन्हा जाऊन बघावं लागेल.

मधल्या घराचं उदाहरण वाचून कपाळावर हात मारला. मी फलकापाशी उभी राहून टॅग लावला होता, गल्लीत राहणाऱ्याच्या जागी उभी राहिलेच नव्हते. आणि सायकल! मी स्वतः सायकलवर होते तेव्हा.

पण माझं मूळ कोडं तसंच आहे. अख्ख्या गल्लीला लावलेला टॅग चुकीचा होता हे मान्य, तरी ओएसआरएमने तो पाळायला हवा होता ना? ग्राफहॉपरने पाळला. उद्या मी तुकड्याला व्हेइकल:फॉरवर्ड=नो लावलं आणि ओएसआरएम तेही पाळेना, तर जुनी_पाऊलवाट यांचा सल्ला कागदावरच राहील. गल्लीवरचे सगळे टॅग देते: हायवे=रेसिडेन्शियल, मोटर_व्हेइकल:फॉरवर्ड=नो, मोटारकार=येस, सरफेस=अस्फाल्ट, मॅक्सस्पीड=३०. नाव सोडून एवढेच.


बिंदूरेषा

सापडला. मोटारकार=येस.

ओएसआरएमचं मोटारीचं प्रोफाइल (त्या वाहनासाठीचे नियम) लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं आहे, कुणीही उघडून वाचू शकतं. त्यात प्रवेशाच्या किल्ल्यांची उतरंड अशी आहे: मोटारकार, मोटर_व्हेइकल, व्हेइकल, ॲक्सेस. सगळ्यात नेमकी किल्ली आधी. प्रत्येक पायरीवर तो तीन गोष्टी विचारतो: या किल्लीला :फॉरवर्ड आहे का, :बॅकवर्ड आहे का, आणि नसेल तर नुसती किल्ली आहे का. दोन्ही दिशांची उत्तरं मिळाली की तिथेच थांबतो.

तुमच्या गल्लीवर हे चालवून बघा. पहिली पायरी मोटारकार. मोटारकार:फॉरवर्ड नाही, मोटारकार:बॅकवर्ड नाही, पण नुसतं मोटारकार=येस आहे. म्हणजे दोन्ही दिशांना येस. उत्तरं मिळाली, काम संपलं. खालच्या पायरीवरच्या मोटर_व्हेइकल:फॉरवर्ड=नोपर्यंत तो पोहोचतच नाही.

ग्राफहॉपर वेगळ्या वाटेने जातो. मोटारीसाठी तो व्हेइकल:फॉरवर्ड किंवा मोटर_व्हेइकल:फॉरवर्ड यांवर नो दिसलं की त्या रस्त्याला थेट उलट दिशेचा वन-वे समजतो, जणू वनवे=-१ लिहिलंय. ही तपासणी किल्ल्यांच्या उतरंडीत बसलेली नाही, ती वेगळी होते. म्हणून मोटारकार=येस असूनही त्याने तुम्हाला वळवलं. तुमच्या अपेक्षेसारखं उत्तर मिळालं म्हणून तो बरोबर वाटतो, पण याच प्रकारे एखाद्या ठिकाणी तो चुकेलही. समजा मोटर_व्हेइकल:फॉरवर्ड=नो आहे आणि मोटारींना मुद्दाम सूट म्हणून मोटारकार:फॉरवर्ड=येस आहे. तिथे ओएसआरएम बरोबर ठरेल.

वाहनाचा नेमकेपणा आधी मोजायचा की दिशेचा, हा या सगळ्यातला खरा वाद. मला स्वतःला वाहन आधी हेच पटतं, कारण प्रवेशाच्या किल्ल्यांची सगळी रचनाच त्यावर उभी आहे: ॲक्सेसवर व्हेइकल मात करतं, व्हेइकलवर मोटर_व्हेइकल, त्यावर मोटारकार. दिशा त्याच किल्लीच्या आतला बारकावा. पण मॅपर म्हणून तुम्ही हा वाद राउटरवर सोडूच नका. असा प्रसंगच येणार नाही असे टॅग ठेवा. रहिवासी रस्त्यावर मोटारकार=येस काहीच सांगत नाही, मोटारींना परवानगी असते हे गृहीतच आहे. काढून टाका. पण वेचा इतिहास आधी बघा, कुणी काही कारणाने घातला असेल तर.

तिठा यांनी वनवे का सुचवलं तेही यातून कळतं. वनवे ओएसआरएममध्ये प्रवेशाच्या किल्ल्यांपासून स्वतंत्र तपासला जातो, मोटारकार=येस त्यावर मात करू शकत नाही.


तिठा

हो, तेच कारण. मला तत्त्वापेक्षा गाडी योग्य जागी वळणं महत्त्वाचं वाटतं. पण मोटारकार=येस काढल्यावर व्हेइकल:फॉरवर्ड=नोसुद्धा दोन्हीकडे चालेल, म्हणून हट्ट सोडतो.

(ग) कुणी घेतला नाही, म्हणून थोडक्यात. मोटर_व्हेइकल:फॉरवर्ड:कंडिशनल=नो @ (एमओ-एफआर ०७:००-०९:००). वे उलटा असेल तर बॅकवर्ड. सार्वजनिक सुट्ट्यांना सूट अशी पाटी असेल तर अर्धविरामानंतर येस @ (पीएच). क्रम महत्त्वाचा: दोन अटी एकाच वेळी लागू पडल्या तर शेवटची जिंकते. सुट्टीची सूट आधी लिहिलीत तर ती कधीच लागू होणार नाही. आणि नुसत्या किल्लीत नो लिहू नका, नाहीतर रस्ता चोवीस तास बंद होईल. सकाळी साडेसातला चुकीचा मार्ग मिळाला म्हणून चिडून असं करणारे आहेत. वेळेची अट विचारात घ्यायला राउटरला निघायची वेळ माहीत असावी लागते. वल्हाला या राउटरला ती देता येते. नुसतं सुरुवात-शेवट टाकून पाहिलंत तर हा टॅग तपासला जाणारच नाही.


जुनी_पाऊलवाट

अजून दोन गोष्टी, अनुभवाच्या.

एक: (क) चा टॅग रेघेच्या दिशेला टांगलेला आहे. उद्या कुणी तो वे उलटा केला तर? जोसम या संपादकात वे उलटा करताना तो फॉरवर्डचं बॅकवर्ड करू का असं विचारतो. आयडी संपादकही अशा किल्ल्या बदलतो. पण कुणी लांबच्या लांब वे जोडून टाकले, किंवा वेगळ्या साधनाने नोडचा क्रमच बदलला, तर बंदी निमूटपणे दुसऱ्या बाजूला जाईल आणि कुणाला कळणारही नाही. म्हणून मी नोट टॅगमध्ये एक ओळ ठेवतो: "बंदी वरच्या टोकाकडून उतरणाऱ्या ट्रकांना". पुढच्या माणसाला पडताळून बघता येतं.

दोन: दिशेची बंदी फाटकाच्या किंवा खांबाच्या नोडवर लावू नका. नोडला रेघेसारखी स्वतःची दिशा नसते. प्रवेशाचं फॉरवर्ड-बॅकवर्ड वेवरच.

आणि ती अंधुक आठवणारी पाटी बघून या. त्या पाटीवर काय लिहिलंय त्यावर सगळं आहे. "स्थानिक मालवाहतूक सोडून" असेल तर नो नव्हे, डेस्टिनेशन (तिथेच काम असणाऱ्यांना परवानगी).


चाकोरी

बघून आले. नोंद म्हणून सगळं लिहून ठेवते, कुणाला तरी उपयोग होईल.

गल्ली: वेचा इतिहास उघडला. मोटारकार=येस तिसऱ्या आवृत्तीत आलंय, बऱ्याच वर्षांपूर्वी, चेंजसेटच्या (एकदम जतन केलेल्या बदलांच्या गठ्ठ्याच्या) टिप्पणीत फक्त "सुधारणा". ज्याने घातलं त्याला विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, त्याला आठवत नाही, काढायला हरकत नाही. काढलं. उत्तरेचं तोंड फलकापाशी तोडलं. तुकडा सहा मीटरांचा झाला. त्यात कुठल्या घराचं दार येत नाही हे बघून घेतलं. अख्ख्या गल्लीवरचा माझा टॅग पुसला आणि तुकड्यावर व्हेइकल:फॉरवर्ड=नो. "सायकली सोडून" अशी पाटी नाही, त्यामुळे सायकलला सूट नाही, मलाही नाही. सर्व्हरवर डेटा आल्यावर ओएसआरएम आणि ग्राफहॉपर दोघेही मोटारीला बाहेरून नेतात. मधल्या घरातून दक्षिणेला निघणारा मार्गही काढून पाहिला. सरळ जातो. तिठा, हे मी तुमच्यासाठी केलं.

वेळेचा रस्ता: कंडिशनल टॅग टाकला. पाटीवर सुट्ट्यांचा उल्लेख नाही, म्हणून मीही केला नाही.

उतार: इथे मजा झाली. पाटी आहे, पण तिच्यावर सूट नाही, नुसता खाली निर्देश करणारा बाण आहे. खरी गडबड फलकाच्या जागेची निघाली. मी म्हटलं होतं "वरच्या टोकाला". प्रत्यक्षात तो चौकात नाही, चौकातून जवळजवळ नव्वद मीटर खाली आहे. आणि त्या नव्वद मीटरांत डाव्या हाताला लाकडाच्या वखारीचं फाटक आहे. तिथे ट्रक रोज वरून येतात आणि वरच परत जातात. मी चौकापासून एचजीव्ही:फॉरवर्ड=नो लावलं असतं तर वखारीला वरून येणारा प्रत्येक ट्रक आधी डोंगर उतरून, वळसा घालून, खालून वर चढत आला असता. वे फलकापाशी तोडला. वरचा तुकडा मोकळा, खालच्यावर बंदी आणि नोटची ओळ.

मोटारीच्या प्रोफाइलवर हे तपासता येत नाही हे मला तासभर मार्ग काढत बसल्यावर लक्षात आलं. मोटार खुशाल उतरत होती आणि मी टॅगमध्ये चूक शोधत होते. ट्रकचा पर्याय असलेलं काहीतरी हवं.

ते दादाच्या फोनमध्ये आहे, पण त्याचा नकाशा ऑफलाइन आहे आणि पुढचा डेटा यायला अजून अवकाश आहे. तोवर त्याला तोंडी सांगून ठेवलंय: खालून वर जा, वरून खाली येऊ नकोस. तो म्हणाला, "हे मला फलकाने आधीच सांगितलं होतं."